निरगाठ सोडवली कुणी? ई. कोलायमधल्या डीएनएच्या गाठींचं प्रकरण

पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली तर आपण आधी टोक शोधतो. टोक हाती आलं की ते आल्या वाटेने मागे ओवून काढता येतं. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूला ही सोय नाही. त्याचा डीएनए म्हणजे टोक नसलेलं एक बंद कडं आहे. डीएनए दोन पदरांचा असतो आणि समोरासमोरच्या घटकांच्या जोड्यांना, बेसजोड्यांना, मोजून त्याची लांबी सांगतात. ४६ लाख बेसजोड्यांचं हे कडं ताणून सरळ केलं तर सुमारे १.६ मिलिमीटर भरतं आणि ज्या पेशीत ते राहतं तिची लांबी असते जेमतेम २ मायक्रॉन, म्हणजे कड्याच्या साधारण ८०० पट कमी. बंद कड्यात एकदा निरगाठ बसली की कितीही ओढाताण केली तरी ती सुटत नाही. ती सोडवायला कडं कुठेतरी तोडावंच लागतं.

एवढ्याशा जागेत गाठी पडतात का? पी४ या विषाणूने याचं उत्तर दिलं आहे. त्याचा डीएनए साधारण १०,००० बेसजोड्यांचा असतो आणि दोन्ही टोकं एकमेकांना चिकटू शकतात. मोकळ्या द्रावणात ही टोकं जुळू दिली तर ३ टक्क्यांच्या आसपास कड्यांत गाठ सापडते. तोच डीएनए विषाणूच्या कवचात कोंबलेला असताना, शेपटी नसलेल्या उत्परिवर्ती विषाणूंमध्ये, टोकं जुळली की ९५ टक्क्यांपर्यंत रेणू गाठ पडलेले निघतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीचा अर्थ स्पष्ट आहे : लांब धागा दाटीवाटीने ठेवला की गाठी पडणारच. तरीही निरोगी ई. कोलायमधून काढलेल्या प्लाझ्मिडांत, म्हणजे त्याच्या छोट्या जादा डीएनए-कड्यांत, गाठी जवळपास दिसत नाहीत. म्हणजे पेशीत कुणीतरी त्या सतत सोडवत असणार. ते कोण, हा या प्रकरणाचा पहिला प्रश्न.

दोन संशयित

डीएनएचे दोन्ही पदर एकाच वेळी तोडायचे, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे न्यायचा आणि तोडलेलं पुन्हा जोडायचं, हे काम करणाऱ्या एन्झाइमांना दुसऱ्या प्रकारची टोपोआयसोमरेझं म्हणतात. ई. कोलायमध्ये अशी दोन आहेत. १९७६ साली मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी शोधलेलं गायरेझ, आणि १९९० साली जपानी संशोधकांच्या गटाला सापडलेलं टोपोआयसोमरेझ-४, थोडक्यात टोपो-४.

दोघं सख्खी भावंडं म्हणावीत इतकी सारखी. दोघांमध्ये चार-चार उपघटक : गायरेझमध्ये जायर-ए आणि जायर-बी यांच्या दोन-दोन प्रती, टोपो-४ मध्ये पार-सी आणि पार-ई यांच्या दोन-दोन. तोडण्याची पद्धतही एकच. एन्झाइममधली टायरोसिन अमिनो आम्लं डीएनएच्या दोन्ही पदरांवर चार बेसांच्या अंतराने हल्ला करतात आणि तुटलेल्या टोकांना स्वतः रासायनिक बंधाने धरून ठेवतात. टोक मोकळं कधीच सुटत नाही. मोकळी टोकं म्हणजे तुटलेलं गुणसूत्र, आणि तुटलेलं गुणसूत्र पेशीच्या जिवावर बेतू शकतं.

फरक आहे तो पलीकडे काय न्यायचं याच्या निवडीत. गायरेझ स्वतःभोवती सुमारे १३० बेसजोड्यांचा डीएनए ठराविक दिशेने गुंडाळून घेतं आणि त्याच गुंडाळीतला शेजारचा भाग फटीतून नेतं. त्यामुळे दर फेरीला डीएनएमध्ये उलटा पीळ भरला जातो. त्याचं खरं काम हेच. डीएनएची प्रत बनत असताना यंत्रणा सेकंदाला सुमारे १,००० बेसजोड्या उलगडते, म्हणजे सेकंदाला शंभरेक वेढे पुढे ढकलले जातात. ते वेढे गायरेझने काढले नाहीत तर प्रत बनणं तिथेच थांबतं. टोपो-४ अशी गुंडाळी करत नाही, ते दूरचा भाग पकडतं. प्रत बनून झाल्यावर दोन नवी कडी साखळीच्या कड्यांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. ती सुटी करण्याचं काम टोपो-४ करतं, हे १९९५ ते १९९७ या काळात बर्कलीत निकोलस कोझारेली आणि लिन झेकिड्रिख यांच्या प्रयोगांनी दाखवलं होतं.

गाठींचं मात्र ठरायचं होतं. परीक्षानळीत दोन्ही एन्झाइमं गाठ सोडवू शकतात, म्हणून नळीतल्या प्रयोगावरून निकाल लागत नव्हता. पेशीत गायरेझही भरपूर असतं, मग गाठी तेच सोडवत नसेल कशावरून? रिचर्ड डाइबलर आणि झेकिड्रिख यांच्या गटाने २००१ साली याचा छडा जिवंत पेशीत लावला. त्यांच्या प्रयोगाची मांडणी नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण तिचा निम्मा भार नॉरफ्लॉक्सासिन या, आपल्याकडे जुलाबावर आणि लघवीच्या संसर्गावर वर्षानुवर्षं लिहून दिल्या गेलेल्या औषधावर आहे.

चार जाती, एक औषध

नॉरफ्लॉक्सासिन दोन्ही एन्झाइमांना, डीएनए तोडून धरलेल्या अवस्थेतच, जाम करतं. मात्र दोघांचाही औषध बसण्याचा खाचा उत्परिवर्तनाने बिघडवता येतो. जायर-ए मधल्या ८३व्या जागी सेरिनऐवजी ल्युसिन आलं की गायरेझवर औषध चालत नाही. पार-सी मधल्या ८४व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलं की टोपो-४ बचावतं. बाकी सगळं सारखं ठेवून अशा चार जाती तयार केल्या की औषधाची एकच मात्रा चार वेगळी कामं करते. साध्या जातीत दोन्ही एन्झाइमं बंद पडतात. गायरेझ बचावलेल्या जातीत फक्त टोपो-४ बंद पडतं, टोपो-४ बचावलेल्या जातीत फक्त गायरेझ. दोन्ही बचावलेल्या चौथ्या जातीत काहीच बंद पडत नाही, आणि औषधाचा इतर काही दुष्परिणाम असलाच तर तो नेमका तिथे उघडा पडतो. या चौथ्या जातीकडे घाईत दुर्लक्ष होतं, पण तिच्याशिवाय बाकी तिघींवर विश्वास ठेवता येत नाही.

औषधावर सगळा भरवसा टाकायचा नाही म्हणून वेगळी वाटही वापरली : तापमान वाढवलं की ज्यातलं टोपो-४ निकामी होतं अशी उत्परिवर्ती जात. एकच निष्कर्ष दोन वेगळ्या मार्गांनी आला तरच तो धरायचा.

आता गाठी मारायच्या कशा? आपोआप पडणाऱ्या गाठी इतक्या विरळ असतात की त्यांच्यावर हिशेब बसत नाही. त्यासाठी जनुकांची काटछाट करणाऱ्या दोन यंत्रणा उसन्या घेतल्या. एक साल्मोनेलातलं हिन हे एन्झाइम. मूळ जिवाणूत ते सुमारे १,००० बेसजोड्यांचा तुकडा उलटा-सुलटा फिरवून शेपटीचं प्रथिन बदलतं. ते २६ बेसजोड्यांच्या दोन ठरलेल्या जागा जवळ आणतं, दोन्ही तोडतं, तुटलेली टोकं अर्ध्या फेऱ्याने फिरवतं आणि जोडतं. दोन जागा एकमेकांशी न जुळणाऱ्या ठेवल्या तर अर्ध्या फेऱ्यावर जोडणी बसत नाही, ते पुढे पूर्ण फेरा फिरतं, आणि डीएनएचा मजकूर तसाच राहून त्यात गाठ मात्र पडते. दुसरी यंत्रणा लॅम्डा विषाणूच्या इंट या एन्झाइमची.

दोन यंत्रणा वापरण्यामागे कारण आहे. गाठी सगळ्या एका जातीच्या नसतात. धाग्यावरून धागा जिथे जातो त्या जागेला फुली म्हणू. सगळ्यात साधी गाठ तीन फुल्यांची. हिन जी गाठी मारतं त्या पिळाच्या घराण्यातल्या : ३, ४, ५ फुल्या अशा वाढत जाणाऱ्या. त्यांत कितीही फुल्या असल्या तरी योग्य जागी एकदाच धागा पलीकडे नेला की सगळी गाठ मोकळी होते. इंटच्या गाठी दुसऱ्या घराण्यातल्या, नेहमी विषम फुल्यांच्या. त्यांत ५ फुल्यांना किमान दोन वेळा धागा पलीकडे न्यावा लागतो, ७ फुल्यांना तीन वेळा. एकाच घराण्यावर प्रयोग केला असता तर 'हे एन्झाइम सोप्या गाठीच सोडवतं' ही शंका राहिली असती.

जेलमध्ये गाठ कशी दिसते

गाठ डोळ्यांनी दिसत नाही, तिचा वेग दिसतो. अॅगरोजच्या जेलमधून विजेच्या दाबाने डीएनए ओढला की गाठ पडलेलं कडं साध्या कड्यापेक्षा आटोपशीर असल्याने पुढे पळतं. फुल्या जितक्या जास्त तितकं ते पुढे. अतिनील प्रकाशाखाली जेल पाहिलं की साध्या कड्याचा जाड पट्टा वर आणि त्याच्या खाली ३, ४, ५, ६ फुल्यांच्या पट्ट्यांची शिडी दिसते. प्रत्येक पायरी म्हणजे एक जादा फुली.

शिडी अशी नीट दिसण्याआधी एक अडचण दूर करावी लागते. पेशीतून काढलेलं प्लाझ्मिड पिळलेलं असतं. दोरीला पीळ देत गेलं की ती स्वतःवरच वेटोळी होते, तसं. पिळामुळेही कडं आटोपशीर होऊन पुढे पळतं आणि गाठींचे पट्टे त्यात बुडून जातात. म्हणून आधी पीळ काढायचा : दोनपैकी एकाच पदराला एक चीर द्यायची. पदर चिरेपाशी मोकळा फिरतो, पीळ निघून जातो, पण दुसरा पदर अखंड असल्यामुळे गाठ तशीच राहते. यासाठी डीएनए चिरणारं डीएनेझ-१ एन्झाइम इथिडियम ब्रोमाइड या रंगद्रव्याच्या सान्निध्यात वापरतात, त्यामुळे बहुतेक रेणूंना एकच चीर पडते. इथे हात चुकला तर प्रयोग बुडतो. डीएनेझ जास्त झालं की समोरासमोर दोन चिरा पडून कडं सरळ दोरी होतं, टोक सुटतं आणि गाठ निसटते. मग गाठी नाहीतच असा खोटा निष्कर्ष निघतो. कमी झालं तर पिळलेले रेणू उरतात आणि गाठींचे पट्टे त्यांच्याखाली दबतात. म्हणून डीएनेझची मात्रा दर नव्या बाटलीला पुन्हा ठरवावी लागते.

दुसरा घोटाळा जास्त फसवा आहे. टोपो-४ बंद केल्यावर फक्त गाठी साठत नाहीत. प्रत बनलेली, एकमेकांत अडकलेली कडीसुद्धा साठतात. त्यांचीही शिडी पडते आणि ती गाठींच्या शिडीत मिसळू शकते. वेगळं करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, जेल दोनदा चालवायचं : आधी कमी दाबावर, मग काटकोनात वळवून जास्त दाबावर. त्यामुळे दोन्ही शिड्या वेगवेगळ्या रेषांवर जातात. दुसरा, रेक-ए हे प्रथिन डीएनएवर चढवायचं. पदर जाड होतो आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात फुलीवर कोणता धागा वरून गेला ते थेट मोजता येतं. कष्टाचं काम आहे, पण गाठ कोणत्या घराण्यातली हे ठरवायला याच्याइतका पक्का पुरावा नाही.

निकाल असा आला. फक्त टोपो-४ बंद असलेल्या जातीत गाठी साठल्या. दोन्ही बंद असलेल्या जातीतही साठल्या. फक्त गायरेझ बंद असलेल्या जातीत साठल्या नाहीत, चौथ्या जातीतही नाहीत. तापमानाने निकामी होणाऱ्या टोपो-४ नेही तेच सांगितलं. दोन्ही घराण्यांतल्या गाठींना हा निकाल सारखाच लागू पडला. ई. कोलायमध्ये गाठी टोपो-४ सोडवतं, आणि एकटंच सोडवतं.

पुराव्यात आणखी एक बारकावा आहे. अडकलेली कडी सोडवताना टोपो-४ ला गायरेझची अप्रत्यक्ष मदत लागते : डीएनए उलट्या पिळात असेल तर ते काम झपाट्याने होतं, पीळ गेला की मंदावतं. म्हणून गाठींच्या बाबतीतही गायरेझ पडद्याआडून हातभार लावतं का, हे तपासणं भाग होतं. तसं दिसलं नाही. पीळ असो वा नसो, गाठी त्याच तऱ्हेने सुटल्या. एकाच एन्झाइमची दोन कामं, पण परिस्थितीवरचं त्यांचं अवलंबन निराळं. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा धागा हाच, असं आम्हाला वाटतं, कारण 'टोपो-४ गुंता सोडवतं' या सरधोपट वाक्यात तो पार हरवतो.

आंधळ्याला गाठ कळते कशी

५,००० बेसजोड्यांचं प्लाझ्मिड १.७ मायक्रॉन लांब. टोपो-४ चा आकार त्याच्या शंभराव्या भागाहूनही लहान. गाठ आहे की नाही हा पूर्ण कड्याचा गुणधर्म आहे. कड्याचा एवढासा तुकडा पाहून तो सांगता येत नाही. एन्झाइमसमोर येते फक्त एक फुली : एक धागा खाली, एक वर. ती फुली गाठीतली आहे की सहज आडवी आलेली, हे त्याला कळायला मार्ग नाही. मग ते डोळे मिटून धागे पलीकडे नेत असेल तर जितक्या गाठी सुटतील तितक्याच नव्या पडतील, आणि शेवटी समतोलातलं प्रमाण उरेल : पी४ च्या डीएनएसाठी तेच ३ टक्क्यांच्या आसपास.

१९९७ साली व्हॅलेंटिन रिबेन्कोव्ह, अलेक्झांडर वोलोगोदस्की आणि कोझारेली यांच्या गटाने हे मोजलं, आणि उत्तर चकित करणारं होतं. दुसऱ्या प्रकारच्या टोपोआयसोमरेझांनी गाठींचं प्रमाण समतोलापेक्षा ८० पटींपर्यंत खाली आणलं. फुकटात हे शक्य नाही, आणि ते फुकटात होतही नाही. धागा पलीकडे नेण्याच्या प्रत्येक फेरीत एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, दोन रेणू खर्च होतात. समतोलाच्या ८० पट खाली जायला लागणारी ऊर्जा उष्मीय ऊर्जेच्या, म्हणजे उष्णतेमुळे रेणूंच्या चालणाऱ्या थरथरीच्या ऊर्जेच्या, साडेचार पटींहून कमी भरते. पेशीत एटीपीचा एक रेणू तिच्या सुमारे २० पट ऊर्जा देतो. म्हणजे पैसा पुरेसा आहे, प्रश्न आहे तो कशावर खर्च होतो याचा.

यावर दोन स्पष्टीकरणं पुढे आली आणि दोन्ही स्थानिक भूमितीवर उभी आहेत. पहिल्यात एन्झाइम ज्या धाग्याला तोडणार त्याला आधी जोरात वाकवतं आणि दुसरा धागा बाकाच्या आतल्या बाजूकडून बाहेरच नेतं, उलट कधीच नाही. हा वाक कागदावरचा नाही. २००७ साली यीस्टमधल्या टोपोआयसोमरेझ-२ ची डीएनएसह स्फटिकरचना मिळाली, त्यात डीएनए सुमारे १५० अंशांनी वाकलेला आहे. दुसऱ्या स्पष्टीकरणात एन्झाइम फुलीचा आकार पारखतं. गाठीत धागे एकमेकांना आकड्यासारखे अडकलेले असतात, दोन्ही एकमेकांकडे वळलेले. सहज आडव्या आलेल्या धाग्यांत तसा वळ नसतो. आकडा दिसला तरच फट उघडायची, एवढ्या साध्या नियमानेही गाठी समतोलाच्या खाली जातात, हे गणनेतून दिसतं.

फक्त वाकावर भिस्त ठेवता येत नाही, हे २०११ च्या मोजणीतून पुढे आलं. गाठी कमी करण्याची ताकद वेगवेगळी असलेली एन्झाइमं डीएनएला जवळपास सारखंच वाकवतात. वाक हवा, पण नुसता वाक पुरत नाही. आकड्याची कल्पना त्यामुळे आमच्या मते जास्त वजनदार ठरते.

गाठ राहिली तर

२००७ साली डाइबलर आणि झेकिड्रिख यांच्याच गटाने उलटा प्रश्न विचारला : गाठी पडत राहिल्या तर पेशीचं बिघडतं काय? हिनने सतत गाठी आणि जोडतोड करायला लावलेल्या प्लाझ्मिडांची प्रत बनणं अडलं आणि प्लाझ्मिडं पेशींतून हरवू लागली. त्यांच्यावरच्या जनुकाचं वाचन बंद पडलं. आणि डीएनएच्या मजकुरातल्या उलथापालथींचा दर गाठ नसलेल्या प्लाझ्मिडापेक्षा हजार ते दहा हजार पटींनी वाढला. प्रत बनवणारी यंत्रणा डीएनएवरून पुढे सरकताना गाठ घट्ट आवळत नेते, आणि आवळलेल्या जागी पदर तुटण्याची, चुकीचं जोडलं जाण्याची शक्यता वाढते, हे त्याचं सयुक्तिक कारण.

नॉरफ्लॉक्सासिनने जिवाणू मरतो तो मात्र या गाठींमुळे नव्हे. औषध एन्झाइमला डीएनए तोडून धरलेल्या अवस्थेत जखडतं, प्रत बनवणारी यंत्रणा येऊन त्याच्यावर आदळते आणि तात्पुरती फट कायमची तूट होते. माणसाच्या पेशीतल्या टोपोआयसोमरेझ-२ वर हाच डाव टाकणारी एटोपोसाइड आणि डॉक्सोरुबिसिन ही औषधं कर्करोगावर वापरली जातात. गाठ सोडवणाऱ्याचे हात कात्री उघडी असतानाच बांधून टाकायचे, असा हा प्रकार. म्हणूनच प्रयोगात औषध देऊन पेशी फार वेळ ठेवता येत नाहीत. वेळ लांबला तर जेलमध्ये गाठींऐवजी तुकडेच दिसायला लागतात.

एक मर्यादा या सगळ्या पुराव्याला आहे आणि ती लक्षात ठेवूनच तो वाचायला हवा. सगळ्या शिड्या प्लाझ्मिडांच्या आहेत. ४६ लाख बेसजोड्यांचं मूळ कडं साध्या जेलमध्ये शिरत नाही, आणि पिपेटमधून ओढतानाच तुटतं. तुटलं की टोक सुटतं आणि गाठ असली तरी निघून जाते. गुणसूत्राबद्दल जे दिसतं ते आडून : तापमानाने टोपो-४ निकामी होणारी जात ४२ अंशांवर ठेवली की पेशी लांबतात पण दुभंगत नाहीत, आणि रंगवलेला डीएनए मध्यावर एकाच मोठ्या गोळ्यात अडकलेला दिसतो. त्या गोळ्यात एकमेकांत अडकलेली कडी किती आणि निरगाठी किती, हे सूक्ष्मदर्शकातून वेगळं करता येत नाही.